निर्मलाताईंची पडलेली विमानं

निर्मलाताई धोटे भेटेल त्याला रंग विचारायच्या. भिलाईतल्या सेक्टर सहामधल्या त्यांच्या क्वार्टरसमोर भाजीची गाडी थांबली की त्या बाहेर यायच्या, वांगी निवडायच्या आणि मग पिशवीतूनच मोबाइल काढून भाजीवालीच्या नाकासमोर धरायच्या. "ए ला देख तो. का रंग दिखत हे?"

मोबाइलवर चिखलाने माखलेला, फाटका पत्रा असायचा. भाजीवाली डोळे बारीक करून सांगायची, "पिंवरा हे दाई. हरदी कस." गॅसवाला म्हणायचा, "मैडम, सफेद है. धूल लगा है, बस." दोघांचंही उत्तर ताई सारख्याच गंभीरपणे ऐकून घ्यायच्या.

माझी आणि त्यांची पहिली भेटही अशीच. नंदिनी नगरच्या शाळेतून बदली होऊन मी सेक्टर सहाला आले, वरच्या मजल्यावरचं क्वार्टर मिळालं, आणि सामान चढवत असताना खालच्या दारातून एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई बाहेर आल्या. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "एक मिनिट इकडं पाहा बरं. हे पिवळं आहे का पांढरं?"

"पिवळं असावं," मी म्हटलं.

"असावं नको. दिसते का?"

मी पुन्हा पाहिलं. "हो, दिसतं."

"अन् त्या पिवळ्याच्या खाली?"

पिवळ्याच्या खाली बघायचं असतं हे मला कुठं ठाऊक. पण होतं खरं. एका कडेला लालसर रेघ होती.

"मलेही दिसली," ताई म्हणाल्या. "या आता, चहा घ्या. सामान कुठी पळून नाही जात."

तो पत्रा दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या एका जर्मन लढाऊ विमानाचा होता. रशियाच्या उत्तरेकडच्या जंगलांत, तळ्यांत आणि दलदलीत अशी विमानं आजही रुतून आहेत. तिथले काही हौशी लोक उन्हाळ्यात जाऊन ती शोधतात आणि त्यांचे फोटो भिलाईच्या सेक्टर सहामध्ये, निवृत्त झालेल्या एका मराठी बाईकडे येतात. हे सगळं त्यांनी मला चहाच्या पहिल्या कपात सांगितलं, आणि मला वाटलं, बाईंचं डोकं थोडं सरकलेलं आहे.

ताई भिलाईच्या पोलाद कारखान्यात रशियन भाषेच्या दुभाषी होत्या. वडील चरोद्याच्या रेल्वे यार्डात वॅगन तपासायला, मूळचे वर्ध्याकडचे. कारखाना रशियन मदतीने उभा राहिला, वर्षानुवर्षं तिकडचे इंजिनिअर बायकामुलांसह इथं राहायचे, आणि त्यांचं बोलणं इकडच्यांना समजावून द्यायला माणसं लागायची. ताईंनी त्या भाषेचा वर्ग लावला तेव्हा चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत लोक हसले होते. पुढे भट्टीसमोरच्या धगीत एका बाजूला रशियन साहेब, दुसऱ्या बाजूला छत्तीसगढी कामगार आणि मध्ये या, असे त्यांचे बरेच दिवस गेले. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर क्वार्टर लीजवर घेतलं आणि तिथंच राहिल्या.

त्या रशियन मुलांपैकी एक पाशा. त्याचे वडील भट्टीवर होते. पाच-सहा वर्षांचा असताना तो पेरूच्या झाडावरून पडला, आणि दवाखान्यात त्याची आई रडतेय, डॉक्टर हिंदीत विचारतायत, पोरगं रशियनमध्ये बोंबलतंय, अशा गोंधळात ताई दिवसभर त्याच्या खाटेशी उभ्या होत्या. तेव्हापासून तो त्यांना 'त्योत्या निर्मला' म्हणायचा. त्योत्या म्हणजे मावशी. मग ते लोक परत गेले. खूप वर्षांनी इंटरनेटवर कोणीतरी भिलाईत राहून गेलेल्या रशियन लोकांचा गट काढला, तिथं ताईंनी एका जुन्या फोटोखाली दोन ओळी लिहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाशाचा निरोप आला: त्योत्या, मी पेरूवाला.

पाशा तोवर चाळिशीकडे झुकला होता. तिकडच्या एका लहान गावात कागदाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचा आणि सुट्टी मिळाली की चार मित्रांसोबत दलदलीत उतरायचा. त्याच्या आजोबांचा भाऊ त्याच जंगलात लढताना बेपत्ता झाला होता. त्याला शोधायला म्हणून पाशा जायचा आणि सापडायचं दुसरंच कोणी. मग आपला नाही मिळत, तर जो मिळाला त्याला तरी त्याच्या घरी पोचवू, असं त्याचं म्हणणं. जर्मन वैमानिकांच्या घरच्यांची पत्रं इंग्रजीत यायची. पाशाला इंग्रजी येत नव्हतं. "त्योत्या, तेवढं भाषांतर करून दे," असं म्हणून त्याने ताईंना यात ओढलं.

पत्रांचं भाषांतर करता करता ताई फोटो पाहायला लागल्या. फोटो पाहता पाहता त्यांना दिसायला लागलं. मला त्यांनी एकदा पोळ्या लाटता लाटता समजावून सांगितलं होतं. जर्मन लढाऊ विमानाच्या अंगावर मोठा आकडा रंगवलेला असे. तो पांढरा आहे, लाल किंवा काळा आहे की पिवळा, यावरून वैमानिकांची तुकडी कळते. मागे क्रॉसच्या पलीकडे आडवी पट्टी आहे, उभी आहे की काहीच नाही, यावरून ती तुकडी कोणत्या मोठ्या गटातली ते कळतं. नाकाजवळ गटाचं चित्र असतं. आणि आत कुठंतरी कारखान्याचा नंबर ठोकलेली पट्टी. तुकडी आणि नंबर कळला की जुन्या नोंदींत वैमानिकाचं नाव मिळतं, आणि नाव मिळालं की त्याची वाट पाहणारं कोणी उरलं असेल तर त्याला कळवता येतं.

"पण सरळ कधी नसते व," ताई म्हणाल्या. "एका तुकडीचं विमान दुसरीले देत. मग वरून रंग मारत, नवा आकडा काढत. हिवाळ्यात सगळ्यावर पांढरा चुना. बाबा मले यार्डात दाखवत, पाह्य निर्मला, या वॅगनवर पहिले दुसऱ्या रेल्वेचं नाव होतं. तसंच आहे हे."

त्यांची एक सवय होती. कोणीही काही सांगायला लागलं की मध्येच थांबवून विचारायच्या, "हे दिसलं, का वाटलं?" शेजारचे कोणाच्या मुलीबद्दल काही बोलायला लागले तरी हेच. त्यामुळे आमच्या ब्लॉकमध्ये त्यांच्यासमोर चुगल्या फार होत नसत.

या सवयीपायी पाशाशी एकदा त्यांचं बिनसलं. दलदलीत एक मेसरश्मिट, म्हणजे जर्मन लढाऊ विमान, सापडलं आणि त्यात नंबराची पट्टीही सापडली. त्या नंबराचं विमान म्हणे एका फार नावाजलेल्या जर्मन वैमानिकाचं होतं. परदेशातल्या एका संग्रहालयाचा माणूस क्रेन, गाड्या सगळं पाठवायला तयार झाला. पाशाचे मित्र आनंदाने नाचत होते. क्रेन आली असती तर आसपासची आणखी दोन विमानं निघाली असती. ताईंनी पट्टीचा फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, पट्टीवरची भोकं आणि विमानाच्या पत्र्यावरची भोकं जुळत नाहीत. ही पट्टी दुसऱ्या विमानाची आहे, कोणीतरी इथं आणून टाकली आहे.

क्रेन आली नाही. पाशाने अख्खा हिवाळा ताईंना एक अक्षर लिहिलं नाही. ताई रोज मेल उघडायच्या आणि बंद करायच्या. मी म्हटलं, "थोडं सांभाळून लिहिलं असतं."

"काय सांभाळू? भोकं जुळत नव्हती."

बर्फ वितळल्यावर एक दिवस मेल आला. नमस्कार नाही, चौकशी नाही. एक फोटो आणि खाली एवढंच: त्योत्या, हा रंग कोणता? ताईंनी मला खिडकीतून हाक मारली ती सगळ्या ब्लॉकला ऐकू गेली.

आमच्या मराठी मंडळात गणपतीच्या दिवसांत त्यांना एकदा बोलायला बोलावलं. लोकांना वाटलं, रशियन साहेबांच्या गमतीजमती ऐकायला मिळतील. ताईंनी पडद्यावर गंजलेले पत्रे दाखवायला सुरुवात केली. पहिल्या दोन रांगांतली मुलं प्रसादाकडे पळाली. शेवटी कारखान्याच्या कोक ओव्हनमधून निवृत्त झालेले एक काका उठले. "ताई, रागावू नका. पण हे तर हिटलरचे लोक. यायनं काय कमी माणसं मारली? यायले कावून शोधून राहिल्या तुम्ही?"

ताईंनी पडद्यावरचा पत्रा तसाच ठेवला.

"मारली असतील," त्या म्हणाल्या. "पाशाच्या आईचं गाव यांनीच जाळलं होतं, अन् तोच चिखलात उतरते. मी तर इथं पंख्याखाली बसून पाहते. चांगलं पोरगं होतं का वाईट, ते पत्र्यावर लिहिलेलं नसते, काका. घरी कोणी वाट पाहून राहिलं का, एवढंच मले विचारता येते."

काकांचं समाधान झालं नाही. ताईंचंही झालं नसावं, कारण घरी येताना रिक्षात त्या काकांचा प्रश्न स्वतःशी पुन्हा बोलून पाहत होत्या.

मग हिल्डेबाईंचं पत्र आलं. त्या जर्मनीत कुठल्याशा गावी एका वृद्धाश्रमात होत्या. त्यांची नात, अंके, इंग्रजीत लिहायची. हिल्डेबाई लहान असताना त्यांचा मोठा भाऊ वैमानिक होऊन गेला आणि उत्तरेत कुठंतरी बेपत्ता झाला. आईने त्याची वाट पाहिली, ती गेली, वडील गेले, आता फक्त या उरल्या होत्या. पत्रासोबत एक फोटो होता. विमानाच्या पंखाला टेकलेला हसरा मुलगा, मागे आकडा चार. फोटो काळा-पांढरा, पण तुकडीवरून ताईंना माहीत होतं की तो चार पिवळा असणार.

पाशाने आदल्याच उन्हाळ्यात एक विमान शोधलं होतं. शेपूट आणि एक पंख वर, बाकी सगळं चिखलाखाली. पत्र्यावर पिवळ्या आकड्याची एक कड होती. मागे आडवी पट्टी होती, तीही हिल्डेबाईंच्या भावाच्या गटाशी जुळत होती. नाकाचा भाग चिखलात. नंबराची पट्टी मिळत नव्हती. पण इंजिनवर नंबर असतोच, आणि इंजिन खाली होतं. पाशाने लिहिलं, पुढच्या उन्हाळ्यात दोरखंड आणून इंजिन ओढू. मग कळेलच.

तो उन्हाळा आलाच नाही. म्हणजे तिकडे शेजारच्या देशाशी लढाई सुरू झाली. सुरुवातीला पाशा लिहायचा की आमच्यापर्यंत काही येत नाही, आम्ही फार वर आहोत. ताई टीव्हीवर बातम्या पाहायच्या आणि मध्येच बंद करायच्या. दलदलीत जायला परवानगी मिळेना. मित्रांपैकी दोघं गाव सोडून गेले. पानगळीच्या दिवसांत पाशाचा मेल आला: त्योत्या, मला सैन्यात बोलावणं आलं आहे. बॉयलर येतो म्हणजे ट्रकही दुरुस्त करता येईल असं त्यांना वाटतं. यंदा दलदलीत जमणार नाही. मेल लेना पाहील.

लेना म्हणजे त्याची बायको.

ताई त्या मेलसमोर दुपारभर बसून होत्या. मी वरून कोथिंबिरीची सांबारवडी घेऊन गेले तेव्हा स्क्रीनवर उत्तराची चौकट तशीच कोरी होती. "सगळी जिंदगी या भाषेत गेली माही," त्या म्हणाल्या. "भट्टी फुटली तेव्हा बोलली, लोकांच्या मयतीत बोलली. आता पाशाले काय लिहू ते सुचून नाही राहिलं." शेवटी त्यांनी लिहिलं, गरम कपडे ने. पाठवल्यावर म्हणाल्या, "त्याले का हे माहीत नाही?"

इकडे हिल्डेबाईंची चौकशी चालूच होती. नवीन काही कळलं का? ताई लिहायच्या, अजून नाही. का नाही, ते अंकेला बातम्यांतून कळत असणार. मग एका उन्हाळ्यात, इथं कूलर लागले होते तेव्हा, अंकेने वेगळं पत्र लिहिलं. आजी आता फार दिवसांची नाही. डॉक्टर म्हणतात, काही आठवडे. तिला तुमच्याशी बोलायचं आहे. माझी एक विनंती आहे. तुम्ही तिला सांगाल का, की तो तोच होता? आकडा तर पिवळा आहेच. तिला एवढं ऐकून जाता येईल. मी तुम्हाला कधीच दोष देणार नाही.

ताईंनी ते मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, "सांगा ना ताई. कोणाचं काय नुकसान आहे?"

"तेच तर मीही म्हणून राहिली," त्या म्हणाल्या. "कोणाचंच नाही."

दोन दिवस त्या घरात फिरताना इंग्रजीत पुटपुटत होत्या. होय, चार आहे. होय, मी पाहिलं. मला म्हणाल्या, "तू बाजूले बस. तू असली तर माह्याच्यानं बोलवेल."

दुपारी फोन लागला. पडद्यावर पांढऱ्या उशीत बुडालेला एक लहानसा चेहरा होता, बाजूला अंके. हिल्डेबाई जर्मनमध्ये बोलायच्या, अंके ते इंग्रजीत सांगायची. आधी ताईंचे आभार मानले. मग इतक्या लांब बसून तुम्ही हे का करता, असं विचारलं. ताई म्हणाल्या, सवय लागली. पलीकडे दोघी हसल्या. मग हिल्डेबाईंनी मान थोडी उचलली आणि काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, तुम्ही आकडा पाहिला का?"

"हो. पिवळा आहे."

"कोणता?"

कूलरचा आवाज येत होता. ताईंचा हात टेबलाखाली माझ्या हातावर होता, आणि तो इतका घट्ट होता की मला वाटलं आता निघेल त्यांच्या तोंडून. एक साधा शब्द होता, इंग्रजीतला, शाळेत पहिल्या वर्षी शिकवतात तो.

"दिसला नाही," ताई म्हणाल्या. "फक्त एक कड दिसते. चार असू शकतो. दुसराही असू शकतो. मला माफ करा."

अंकेने डोळे मिटले. तिने ते आजीला सांगितलं. काय शब्दांत, ते आम्हाला कळलं नाही. मग हिल्डेबाईंनी आणखी एक प्रश्न विचारला.

"ती विचारतेय, तिथलं पाणी थंड असतं का?"

"हो," ताई म्हणाल्या. "फार थंड."

हिल्डेबाईंनी मान हलवली. अंके म्हणाली, "ती म्हणते, त्याला थंडी सोसत नसे."

फोन बंद झाल्यावर ताई उठल्या, गॅसवर चहा ठेवला आणि साखर टाकायची विसरल्या. आम्ही दोघी तसाच प्यायलो. "एक आकडा होता, सुनंदा," त्या म्हणाल्या. "एवढा एक आकडा मले बोलता नाही आला."

हिल्डेबाई त्याच महिन्यात गेल्या. अंकेने सभ्य, छोटं पत्र लिहिलं. त्यात कुठंही दोष नव्हता, आणि ताईंना तेच सहन होईना. कितीतरी दिवस त्यांनी कॉम्प्युटर उघडला नाही. भाजीवालीने एकदा स्वतःहून विचारलं, "दाई, फोटो नइ देखास आज?" ताई टमाटे निवडत राहिल्या.

त्यानंतर लेनाचा पहिला फोटो आला.

पाशाचे लेनाला फोन येणं बंद झालं होतं. लेनाने जिथं जिथं विचारायचं तिथं विचारलं होतं. कोणी काही सांगत नव्हतं. मग तिने इंटरनेटवर जळालेल्या गाड्यांचे फोटो पाहायला सुरुवात केली. दोन्हीकडचे लोक असे फोटो टाकतात, कोणी अभिमानाने, कोणी रागाने. त्यातला एक तिने ताईंना पाठवला. सोबत पाशाने जाताना पाठवलेला एक फोटो होता. ट्रकला टेकून उभा, टोपी मागे सरकवलेली. खाली तिने लिहिलं होतं: तुम्ही ऐंशी वर्षांपूर्वीची विमानं ओळखता. हे तर मागच्या महिन्यातलं आहे. पाहून सांगा, हा त्याचा ट्रक आहे का?

ताईंनी मला बोलावलं तेव्हा दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी होते. "किती ताजं आहे व हे," त्या म्हणाल्या. "रंगही नाही उडाला याचा."

या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. मी खुर्ची ओढून बसले आणि त्या काय करतात ते पाहत राहिले. फोटो मोठा केला. दारावरची खूण अर्धी जळाली होती, उरलेली अर्धी पाशाच्या फोटोतल्या खुणेशी लावून पाहिली. मडगार्डचा कोपरा पाहिला. तिथं एक पोचा होता. पाशाच्या फोटोतही त्याच जागी होता. आरशाला दोरी गुंडाळलेली होती, तीही होती. ताईंनी एकेका जागेवर बोट ठेवलं, दोन्हीकडे.

"तोच आहे," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "आता काय लिहिणार?"

त्या पुन्हा वाकल्या, आणि बराच वेळ तशाच राहिल्या. माझी पाठ अवघडली, त्यांची अवघडली असेलच. मग त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिलेलं मला मराठीत सांगितलं: लेना, ट्रक तोच आहे. त्याची दोन्ही दारं उघडी आहेत. आत कोणी दिसत नाही. फोटो जळून गेल्यानंतरचा आहे, आधी काय झालं ते यात दिसत नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही.

"दोन्ही दारं उघडी आहेत म्हणजे…" मी म्हटलं.

"म्हणजे दारं उघडी आहेत," ताई म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या.

लेनाने ते उत्तर कोणाला तरी दाखवलं असावं. त्या गावात तिच्यासारख्या आणखी बायका होत्या. त्याच आठवड्यात एकीचा मेल आला, तिच्या नवऱ्याच्या गाडीचा. मग दुसरीचा, मुलाचा. लेना म्हणते तुम्ही पाहून सांगता. ताईंनी आधी लिहिलं, मी जुन्या विमानांचं पाहते, मला या गाड्यांचं काही कळत नाही. त्यावर उत्तरं येत होती: तरी पाहा. मग त्या पाहायला लागल्या. ज्या गाड्यांची नावंही कधी ऐकली नव्हती त्यांची चित्रं काढून त्यांनी भिंतीला लावली. पाठ दुखायची, डोळ्यांतून पाणी यायचं. नागपूरचा भाचा फोनवर ओरडायचा, "मावशी, छोड़ो ना ये सब, बीमार पडशील." मीही एकदा म्हटलं, "ताई, बंद करा आता. यातून निघतं तरी काय?"

"काही नाही निघत," त्या म्हणाल्या. "बहुतेकांले मी हेच लिहिते, की नाही दिसत. पण त्यायले मी आता दुसरं कोणाले विचारा म्हणू? कोणाले विचारतील व त्या?"

पाशाचं अजूनही काही कळलेलं नाही. ते विमान त्या दलदलीत तसंच आहे.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले आणि मुलाकडे नागपूरला जायचं ठरलं. सामान आधीच गेलं होतं. मी खाली ताईंचा निरोप घ्यायला गेले, ऑटो बाहेर उभा होता. ताई स्क्रीनसमोर होत्या. "बस, बस. एवढं पाहू दे."

गालिना नावाच्या कोणा बाईने फोटो पाठवला होता. मी वाकून पाहिलं. फोटो नुसता काळा होता. चाक कुठलं, जमीन कुठली, काही समजत नव्हतं.

"यात काहीच नाही," ताई म्हणाल्या. "सकाळपासून पाहून राहिली. पोराच्या गाडीचा आहे म्हणते. एकोणीस वर्षाचा. काय लिहू हिले?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न दिला. ताई उठल्या, स्वयंपाकघरातून डबा आणून माझ्या हातात दिला, गाडीत खा म्हणाल्या, फाटकापर्यंत आल्या. "पोचली का फोन कर," म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला तर त्यांनी मला मध्येच उभं केलं आणि क्षणभर घट्ट धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "जा, गाडी चुकेल," आणि माझ्याआधीच आत वळल्या.

ऑटोवाल्याला गाडी फिरवून घ्यायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात खिडकीच्या जाळीतून मला त्या दिसल्या. खुर्चीत परत बसल्या होत्या. चष्मा काढून टेबलावर ठेवला होता आणि चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ नेऊन त्या काळ्या फोटोत पाहत होत्या.